मुलाच्या पैशाला तारीख द्या

तिच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक कॅलेंडर टांगलेलं आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं दिवाळीत फुकट वाटलेलं. त्यावर बॉलपेननं गोल केलेले आहेत. दर मंगळवारी एक गोल, तो मायक्रोफायनान्सच्या गटाचा हप्ता. दहा तारखेला खोलीचं भाडं. पंधराला भिशी. वीसच्या आसपास लाइट बिल, पण तिथं गोल नाही, चौकोन आहे, कारण ते एखाद वेळी पुढे ढकलता येतं. हप्ता ढकलता येत नाही. मंगळवारी वसुलीचा पोरगा येतो, गटातल्या बाकीच्या बायका येतात, आणि पैसे निघेपर्यंत दारातून कुणी उठत नाही.

गेल्या वर्षी तिच्या मुलाचा बालसंगोपनचा फॉर्म मी भरून दिला. नवरा मोटरसायकलच्या अपघातात गेलेला, ती चार घरची धुणीभांडी करते, मुलगा सहावीत. कागद जमले, फाईल गेली. त्या संध्याकाळी तिनं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, पेन माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "ताई, ह्या पैशाचा गोल कुठल्या तारखेला करू?"

पस्तीस वर्षं मी बँकेत काढली. कुणी तारीख विचारली आणि मला सांगता आली नाही, असं फार वेळा झालेलं नाही. त्या दिवशी झालं.

हे आवाहन त्या गोलासाठी आहे. मागणं दोन गोष्टींचं आहे. एक तुम्हाला याच आठवड्यात, स्वतःच्या पायांनी करता येईल. दुसरं आपण सगळ्यांनी मिळून सरकारकडे मागायचं आहे. पहिल्यासाठी दुसऱ्याची वाट बघायची नाही.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना हे या बालसंगोपनचं पूर्ण नाव. महिला व बालविकास विभागाची ही योजना जुनी आहे, आणि तिच्यामागचा विचार फार शहाणा आहे. घरातला आधार तुटला म्हणून मूल बालगृहात धाडायचं नाही. ते आपल्या माणसांतच वाढावं, आणि त्याच्या खाण्यापिण्याचा, वह्यापुस्तकांचा भार सरकारनं उचलावा. शून्य ते अठरा वर्षांचं कोणतंही असं मूल: आई किंवा वडील गेलेलं, दोघंही गेलेलं, आईबाप विभक्त झालेलं, बापानं टाकून दिलेलं, अविवाहित आईचं, कुष्ठरोगानं किंवा एचआयव्हीनं पालक खंगलेलं, पालक तुरुंगात असलेलं. एकेकाळी महिन्याला ४२५ रुपये मिळत, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५०. दिवसाला ७५ रुपये. चहा-बिस्किटाच्या हिशेबात बघितलं तर थोडे, आणि दोन वेळचं जेवण, शाळेची रिक्षा, एखादं डॉक्टरचं औषध या हिशेबात बघितलं तर घर उभं राहतं की बसतं हे ठरवणारे.

आणि तरीही ही योजना किती जणांना ठाऊक आहे? माझ्या सोसायटीत मी विचारून पाहिलं. पंचवीस घरांत दोघांनी नाव ऐकलं होतं. लाडकी बहीण मात्र प्रत्येकाला ठाऊक होती, अगदी तिच्यावर चिडलेल्यांनाही.

आता तुमच्या ओळखीतली अशी मुलं तुम्ही मोजा. तुमच्याकडे काम करणाऱ्या ताईंपासून सुरू करा. मग वॉचमनच्या खोलीत राहणारं कुटुंब, इस्त्रीवाला, तुमच्या मुलाच्या वर्गात डब्यात रोज कोरडी चपाती आणणारा पोरगा, गावाकडे तुमच्या भावकीत तरुणपणी कपाळ पांढरं झालेली सून. करोनात ज्यांचे आईवडील दोघंही गेले त्यांच्या नावावर राज्य सरकारनं पाच लाखांची ठेव ठेवली, ते वर्तमानपत्रांत ठळक आलं. पण एकच पालक गेलेली मुलं संख्येनं कितीतरी जास्त, आणि त्यांच्यासाठी वाट होती ती याच बालसंगोपनाची. २०२१ च्या उन्हाळ्यात अंगणवाडीत असलेलं मूल आज शाळेत आहे. त्याला अठरा व्हायला अजून बरीच वर्षं आहेत. त्याचा फॉर्म तेव्हा राहिला असेल तर आजही भरता येतो. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या साथीदारांनी करोनातल्या एकल महिलांसाठी तालुक्यातालुक्यांत समित्या उभ्या केल्या, त्यांनी हजारो दारं ठोठावली. पण सगळ्या दारांना ते पुरे पडणार नाहीत. तुमच्या जिन्यातलं दार तुम्हालाच ठोठावावं लागेल.

घाई का, तेही सांगते. शाळा जूनमध्ये उघडतात. आधार गेलेल्या घरात त्याआधीच्या महिन्यात दोन निर्णय होतात. मुलगा मोठा असेल तर जूनमध्ये शाळेत पाठवायचा की गॅरेजवर, हा एक. मुलगी मोठी असेल तर लग्नसराई आटपायच्या आत उरकून टाकायचं का, हा दुसरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीडकडे गेलात तर त्यामागचा हिशेब कुणीही सांगेल. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडी. उचल जोडीला मिळते. बाप गेला की आई अर्धा कोयता उरते, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहज उभा करत नाही. मग पोरीची जोडी लावून दिली जाते. त्या घरात एप्रिल-मे महिन्यात दरमहाचा पैसा येत असेल तर आई निदान वर्षभर तरी "थांबू या" म्हणू शकते. जुलैमध्ये आलेल्या पैशाला मे महिन्यातलं लग्न मोडता येत नाही.

म्हणूनच तारीख महत्त्वाची. इथं माझ्या त्या घराची पुढची गोष्ट सांगायला हवी.

फाईल दिल्यानंतर गृहचौकशीला कुणी यायला बराच काळ गेला. मग ज्यांचा आदेश लागतो त्या बालकल्याण समितीपुढे मुलाला घेऊन जायचं होतं. आईला एसटीचं अर्धं तिकीट, मुलाचंही अर्धं, पण चार घरचा खाडा पडतो त्याला अर्धं-पाव काही नसतं. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला गेले होते. दुसऱ्या खेपेला रहिवासी दाखल्यावरचा शिक्का पुसट निघाला. तिसऱ्या खेपेला काम झालं. त्या कचेरीतली माणसं वाईट नव्हती. एका टेबलावर तीन टेबलांचं काम होतं, ते दिसत होतं. एका बाईनं तर मुलाला स्वतःच्या डब्यातली पोळी खायला दिली. पण आदेश निघाला आणि पैसे आले यांच्यात आठ महिने गेले. आठव्या महिन्यात एकदम अठरा हजार खात्यात पडले.

दरम्यान मुलाला डेंग्यू झाला होता. तिनं वस्तीतल्या एकाकडून दहा हजार घेतले होते, महिना शेकडा दहानं. पाच महिन्यांचं व्याज पाच हजार. अठरातले पंधरा त्याच दिवशी त्या माणसाच्या हातात गेले. उरले तीन. सरकारदरबारी त्या मुलाला आठ महिन्यांचं अनुदान पूर्ण पोहोचलेलं आहे, आणि त्यात एका पैशाचीही अफरातफर नाही. मी पासबुक तीनदा पाहिलं.

बँकेतल्या कुणालाही विचारा. दरमहा येणारे सव्वादोन हजार आणि आठ महिन्यांनी येणारे अठरा हजार, कागदावर रक्कम एकच. पहिल्यावर किराणावाला उधार देतो, घरमालक धीर धरतो, आणि सावकाराची पायरी चढावी लागत नाही. दुसऱ्यावर सावकार जगतो. गरिबाला कमी पैशात घर चालवता येतं, ती कला त्याच्याइतकी कुणाकडेच नाही. त्याला न येणाऱ्या तारखेवर घर चालवता येत नाही, आणि ते कुणालाच येत नाही. तुमचा पगार दोन महिने लांबला तर गृहकर्जाचं काय होईल, आठवून पाहा.

अनुदान तुंबणं ही काही एका कचेरीची कहाणी नाही. निधी आला नाही, ट्रेझरीत अडकला, आधार लिंक नाही, केवायसी राहिली, आदेशाची मुदत संपली आणि नूतनीकरण झालं नाही. एकल महिलांचं काम करणाऱ्या कुणाशीही बोला, ही वाक्यं याच क्रमानं ऐकायला मिळतील.

पैसे ठरल्या तारखेला यायचे तर त्याची हमी लागते, आणि 'हमी' हा शब्द आपल्याला काही बाहेरून आणायचा नाही. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापुरात वि. स. पागे यांनी एक प्रयोग केला: काम मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात तो विचार सगळ्या राज्याला तारून गेला. १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला, आणि देशाला तसा कायदा करायला त्यानंतर २८ वर्षं लागली. त्याचा पैसा कुठून आला, हे शहरातल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावं. १९७५ पासून तुमच्या-माझ्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, तो याच हमीसाठी सुरू झाला. आज स्लिपवर दरमहा २०० रुपये दिसतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. मी ते पस्तीस वर्षं भरले, कुरकुरत भरले, आणि ते कशासाठी सुरू झाले हे मला निवृत्तीनंतर कळलं! म्हणजे खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत मुंबईच्या कारकुनाचा वाटा होता. आता हिशेब पुढे न्या. एका नोकरदाराचा वर्षाचा व्यवसाय कर अडीच हजार, एका मुलाचं महिन्याचं बालसंगोपन २२५०. अकरा पगारदार मिळून एका मुलाचं वर्ष निघतं. तुमच्या ऑफिसच्या एका लांबलचक टेबलाभोवती तेवढे लोक सहज बसत असतील.

पण रोजगार हमीत अट होती ती काम करण्याची. खडी फोडायची, माती वाहायची, हजेरी लावायची. मुलाकडून कसली हजेरी घ्यायची? त्याचं काम वाढणं हेच आहे. म्हणून मुलांच्या बाबतीत हमी रोजगाराची असून चालत नाही, उत्पन्नाची असावी लागते: ठरलेली रक्कम, ठरलेला दिवस, मागे शेपूट नाही.

इथं नेहमीचा प्रश्न येतो, आणि तो मला माझ्या सख्ख्या भावानंच विचारला. "हातात रोकड दिली की ती खर्च कशावर होते, ते तुला माहीत नाही का?" मला एवढं माहीत आहे की याच बाईला एक खासगी कंपनी चाळीस हजारांचं कर्ज बिनतारण देते आणि ती दर मंगळवारी ते फेडते. कंपनीचा तिच्यावर चाळीस हजारांचा विश्वास आहे. आपला सव्वादोन हजारांचा नाही.

शिवाय हे करून पाहिलेलं आहे, आणि फार लांब नाही, मध्य प्रदेशात. २०११ मध्ये सेवा या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत प्रत्येक माणसाला, कसलीही अट न घालता, दरमहा पैसे दिले. मोठ्यांना २०० रुपये, मुलांचे १०० आईच्या हाती, पुढे ३०० आणि १५०. सहा हजारांवर लोक होते त्यात. शेजारच्या तशाच गावांशी ताडून पाहिलं गेलं. रेनाना झाबवाला, सारथ दवाला, गाय स्टँडिंग आणि सौम्या कपूर मेहता यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं आहे. लहान मुलींची वजनं सुधारली, ताटात भाजी आणि अंडी आली, शाळेतली हजेरी वाढली, कर्जं कमी झाली. दारूवरचा खर्च वाढला नाही. आणि लोक आळशी झाले का? उलट मजुरीला जाणाऱ्यांपैकी कित्येकांनी बी-बियाणं घेऊन स्वतःच्या तुकड्यावर जास्त राबायला सुरुवात केली.

अमेरिकेतला अनुभव तर तारखेचाच धडा आहे. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं मुलांसाठीची करसवलत वाढवली, आणि जुलै ते डिसेंबर दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या सुमारास ती थेट खात्यात टाकली: सहा वर्षांखालच्या मुलामागे ३०० डॉलर, त्याहून मोठ्यामागे २५०. ज्यांचं उत्पन्न कर भरण्याइतकंही नव्हतं त्यांनाही. सरकारी मदत धरून मोजली जाणारी बालगरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली. मग तिथल्या संसदेनं मुदत वाढवली नाही. २०२२ मध्ये तीच बालगरिबी १२.४ टक्के झाली. एका वर्षात दुपटीहून जास्त. मुलं तीच होती.

खरं सांगायचं तर तिथूनच एक उलटा दाखलाही आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. हजार गरीब मातांना बाळ जन्मल्यापासून दरमहा पैसे देऊन एक मोठा अभ्यास झाला. काहींना ३३३ डॉलर, काहींना २०. मुलं चार वर्षांची झाली तेव्हा दोन्ही गटांतल्या मुलांच्या बोलण्यात, बुद्धीत, वागण्यात फरक आढळला नाही. पैशानं मूल हुशार होतं असा दावा कुणी करत असेल तर त्याला हा अभ्यास दाखवावा. माझा दावा तेवढा मोठा नाही. मूल उपाशी झोपू नये, शाळेच्या जागी गॅरेजवर जाऊ नये आणि आईनं दहा टक्क्यांनी पैसे उचलू नयेत, एवढंच मी मागते आहे.

ब्राझीलचं एक छोटं वैशिष्ट्य मला बँकवाली म्हणून फार आवडतं. बोल्सा फामिलिया या त्यांच्या योजनेत, जी २००३ मध्ये सुरू झाली, पैसे कोणत्या दिवशी येणार हे लाभार्थी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर ठरतं. शेवटी १ असेल त्याला अमुक दिवशी, २ असेल त्याला दुसऱ्या दिवशी, आणि वर्षभराचं वेळापत्रक आधीच जाहीर असतं. तिथल्या बाईला कॅलेंडरवर बाराही गोल एकदम करता येतात.

आपल्याला हे जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत दोन कोटींहून जास्त बायकांच्या खात्यात १५०० रुपये टाकून या राज्यानं दाखवलं आहे. तिथंही तारीख सणाकडे आणि आचारसंहितेकडे बघून हलली, कधी दोन महिन्यांचे एकदम आले, हे खरं. पण यंत्र आहे आणि ते चालतं. बालसंगोपनची मुलं त्या संख्येच्या मानानं मूठभर. मात्र मुलांना मत नसतं, हे बोलून दाखवायलाही कसंतरी वाटतं.

तेव्हा मागणी अशी. बालसंगोपनचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात. पाच का, तर दहाला भाडं असतं. आदेश निघाला की पुढच्या महिन्यापासून पैसे सुरू, निधी नंतर कुठूनही वळवा. नूतनीकरणासाठी मुलाला आणि आईला पुन्हा जिल्ह्याच्या गावी बोलवायचं नाही, शाळेचं बोनाफाईड पुरे धरावं. मूल शाळेत आहे हे शाळेच्या ऑनलाइन नोंदीत सरकारला घरबसल्या दिसतं. उशीर झाला तर त्याची भरपाई. यातही काही नवं नाही. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात मजुरी पंधरा दिवसांत द्यावी, नाहीतर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई द्यावी, असं लिहिलेलं होतं. पाळलं किती गेलं, तो वेगळा विषय. पण लिहिलेलं असलं की भांडता येतं. आपल्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्यांना मुदत घालून दिली, उशीर झाला तर अपील आणि अधिकाऱ्याला दंड ठेवला. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत असते आणि तो दाखला ज्या पैशासाठी काढला त्याला नसते, हे कुठलं गणित?

रक्कमही वाढायला हवी. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये अशाच मुलाला महिन्याला ४००० रुपये आहेत, पण ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार आणि शहरात ९६ हजार ही उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि दोन्ही योजना एकदम मिळत नाहीत. कुठल्या खिडकीतून आत शिरलं यावर मुलाची भूक बदलत नाही. पण मला रक्कम आणि तारीख यांतलं एकच निवडायला लावलंत तर आज मी तारीख निवडेन.

उत्पन्नाच्या मर्यादेचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोष्ट. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला १५०० रुपये मिळतात, चांगली योजना आहे, पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. महिन्याला साडेसतराशे. रोज तीनशेनं निंदणीला जाणारी बाई सत्तर दिवसांत ती रेघ गाठते. मग वर्षाचे उरलेले २९५ दिवस तिनं घरी बसायचं, की दाखल्यावर खोटं लिहायचं? सगळ्यांना ठाऊक आहे काय होतं ते. गरिबाला आधी खोटं बोलायला लावायचं आणि मग "हे लोक खोटं बोलतात" म्हणायचं.

आता गावांसाठी. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्या एका ठरावामागे गावं उभी राहिली, सरकारनं परिपत्रक काढलं. हेरवाडचा पुढचा ठराव आता इतर गावांनी करावा: आमच्या गावात मृत्यूचा दाखला देताना ग्रामसेवक त्याच घरी बालसंगोपनचा फॉर्म देईल, आणि तेराव्याच्या आत तो भरून होईल. कर्ता माणूस गेला आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार मिळतात, तो अर्जही त्याच दिवशी. नियमानं गावोगाव ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. तुमच्या गावात ती आहे का, शेवटची कधी बसली, हे येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा. अंगणवाडीताई आणि आशाताईंना कुठल्या घरी काय झालं हे आधीच ठाऊक असतं. त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादू नका, फक्त त्यांनी सांगितलेल्या घरी तुम्ही जा.

शिक्षकांना वेगळं सांगते. जूनमध्ये हजेरीपट भराल तेव्हा ज्या मुलाच्या वडिलांच्या नावापुढे 'कै.' लिहावं लागेल, त्याच्या बोनाफाईडवर त्याच दिवशी सही करा. मुलाला मागायला लावू नका.

आणि आमदार-खासदारांच्या कार्यालयात जाल तेव्हा निवेदनात दहा मागण्या घालू नका. दहातली एकही कुणाच्या लक्षात राहत नाही. एकच ओळ लिहा: बालसंगोपनचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला.

राहिला तुमचा या आठवड्यातला भाग. एक घर निवडा. जायच्या आधी विचारा, "येऊ का?" मदत करायला जाणाऱ्यांना हे विचारायचं फार वेळा सुचत नाही. मग हे कागद जमवा: मुलाचं आणि पालकाचं आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, गेलेल्या पालकाचा मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक, फोटो. मुलाचं खातं नसेल तर आईसोबत संयुक्त उघडून घ्या आणि आधार त्याच खात्याला जोडलं आहे ना, हे बँकेत समोर उभं राहून तपासा. अर्ध्या फायली इथं मरतात. मग जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय किंवा तिथलाच जिल्हा बाल संरक्षण कक्ष. पत्ता सापडत नसेल, किंवा मूल खरोखर अडचणीत असेल, तर १०९८ फिरवा, पैसे पडत नाहीत. बालकल्याण समितीच्या तारखेला तिच्याबरोबर तुम्ही जा. सुशिक्षित माणूस शेजारी बसलेला असला की साहेब मीटिंगला कमी वेळा जातात, असा माझा अनुभव आहे. आदेश मिळाला की त्यावर मुदत कधी संपते ते बघून तुमच्या मोबाइलमध्ये दोन महिने आधीचा गजर लावा.

प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढा. एक संच तिच्या घरी पिशवीत ठेवा. दिलेल्या अर्जावर पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासकट.